सोनं चढलं त्या सालचा चुडा

“हात सैल सोड गं. ओल्या फडक्यासारखा सोड,” मी चन्नूला म्हटलं. “आवळून धरलास तर बांगडी वाढेल, आणि तुझी सासू म्हणेल, बार्शीच्या कासारणीला काम येत नाही.”

आम्ही कासार बांगडी फुटली असं म्हणत नाही, वाढली म्हणतो.

चन्नू हसली नाही. हात थंडगार, मूठ घट्ट. लग्नाच्या आदल्या दिवशी चुडा भरताना पोरी मूठ आवळतातच, त्याचं मला नवल नव्हतं. नवल वाटलं ते तिच्या आईचं. गिरिजाक्का मळगे म्हणजे कापसाच्या अडत्याची बायको, उभ्या पेठेला धाकात ठेवणारी बाई. आणि ती खांबाला धरून उभी होती, कुणी बोलावलं तरी लक्ष नाही. नजर सारखी माझ्या गुडघ्याशी ठेवलेल्या तबकावर. तबकात चन्नूच्या पाटल्या होत्या. काचेचा चुडा भरून झाला की दोन्ही हातांत घालायच्या.

ते साल सोनं चढलं ते. तुम्हा लोकांना पुस्तकात मंदी म्हणून शिकवतात, आम्हाला कुणी शिकवली नाही, घरातच येऊन बसली. आमच्या माणसाला वर्तमानपत्राचं भारी वेड. पितळी भांड्यांचं दुकान, गिऱ्हाईक एक नाही, आणि हे गादीवर पाय पसरून वाचतायत.

“अमेरिकेत बाजार कोसळला, त्याला दोन वर्षं झाली,” मला समजावायचे. “तिकडे मागणी नाही म्हणून मुंबईची गिरणी कापूस घेत नाही, आणि गिरणी घेत नाही म्हणून मळग्यांचा माल पडून आहे.”

“आणि म्हणून बार्शीच्या बायका बांगड्या भरत नाहीत?”

“तेच तर सांगतोय.”

“अहो, अमेरिकेतल्या बाया बांगड्या घालतात तरी का?”

मग पेपर तोंडापुढे धरायचे. माझ्या बोलण्याला त्यांच्याकडे तेवढंच उत्तर होतं.

भाद्रपद संपता संपता विलायतेच्या सरकारनं आपल्या पैशाची सोन्याशी बांधलेली गाठ सोडली म्हणे. काय बांधलं, काय सोडलं, देव जाणे. एवढं कळलं की एकवीस रुपये तोळ्याचं सोनं बघता बघता तिशीला टेकलं. धान्याला भाव नाही, कापसाला नाही, भांड्याला नाही. भाव एका सोन्याला. मग काय, सराफाच्या पेढीवर देवळासारखी रांग. नथी गेल्या, गोठ गेले, पाटल्या गेल्या. सगळं मुंबईला, तिथून बोटीनं परमुलखात.

आणि माझं काम एकाएकी वाढलं! पाटली गेली की मनगट उघडं पडतं. शेजारणीला कळू नये म्हणून बायका म्हणायच्या, “द्वारकाबाई, चार जास्तच भर गं, यंदा हौस आहे.” हौस कसली! पाटली बसायची तिथं कातडीवर पांढरा पट्टा असायचा. तो झाकायची हौस. आणि आणखी एक मला कळायचं, जे त्यांच्या नवऱ्यांनाही कळत नव्हतं. अडीचच्या मापाचा हात सव्वादोनमध्ये सरसर जायला लागला होता. जेवायला कुणाच्या घरी काय शिजतं ते मी चुलीशी न जाता सांगितलं असतं.

पण सांगायचं नाही. माझ्या सासूनं बांगड्यांची माळ माझ्या खांद्यावर दिली तेव्हा तीन अटी घातल्या होत्या. बाईचा हात रिकामा ठेवायचा नाही, म्हणजे नवी चढल्याशिवाय जुनी शेवटची काढायची नाही. मनगटावर दिसलं ते उंबऱ्याबाहेर न्यायचं नाही. आणि बाईचा हात आपल्या हातात असताना खोटं बोलायचं नाही, काचेला कळतं, ती वाढते.

मी तिन्ही पाळल्या. माझी जीभ गावात बदनाम, पण ह्या तिन्हींत कुणी बोट दाखवावं! आणि तोरा होताच माझा. सगळ्या पेठेच्या पाटल्या गेल्या, पण माझ्या सासूच्या लाखेवर मढवलेल्या जाड पाटल्या माझ्या हातात तशाच. नळावर गेले की मुद्दाम पदर सावरायची, म्हणजे दिसाव्यात. एकदा तर गिरिजाक्कालाच म्हणाले होते, “संसार बाईच्या हिमतीवर टिकतो अक्का. आमच्याकडं नाही बाई असलं काही विकायची वेळ आली.” ती हंडा उचलून चालती झाली होती.

तर चुडा. उजव्या हातात अकरावी हिरवी बांगडी चढवली आणि मी तबकातली पाटली उचलली. तेलाचा हात, सोप्यात तीस बायका, हळदीकुंकवाचा घमघमाट. तरी वास आलाच. पितळेचा.

मी कासाराची लेक, कासाराची सून. जन्मल्यापासून पितळेत लोळलेली. मला फसवायचं? वर मुलामा झकास होता. पाटली उलटी केली, आतून जोड पाहिला, आणि डोक्यात जाळच झाला. जोडाला कानस डावीकडे कलती मारलेली. ती कलती कानस बार्शीत एकाच माणसाची. तो सध्या दुकानात पेपर वाचत बसला होता.

म्हणजे दिवाळीपासून परसात जी ठोकठोक चालली होती, ती ही! मी विचारलं तर म्हणायचे, देवाची भांडी करतोय. देवाची!

“काय गं, थांबलीस का?” असा आवाज आला.

चन्नूची होणारी सासू, गंगव्वा उस्तुरे, लातूरची. लुगडं भारी, आवाज त्याहून भारी. सकाळपासून सगळ्या मांडवाला नावं ठेवत होती. भाताला वाफ नाही, पाण्याला वाळा नाही.

“हात तेलकट झालाय,” मी म्हटलं.

“तेल नको सांगू. तू कासारीण ना? पितळेतली?” ती पुढे सरकली. “मग सांग बरं सगळ्यांदेखत. पाटल्या सोन्याच्या आहेत का कसल्या? हल्ली ऐकतो आम्ही काय काय. इकडच्या गावात म्हणे मुलामा देऊन पोरी खपवतात.”

सगळ्या माना माझ्याकडे वळल्या. गिरिजाक्कानं खांब सोडला आणि पुन्हा धरला. चन्नूचा हात माझ्याच हातात होता; तिची नाडी माझ्या अंगठ्याखाली उडत होती. पोरीला माहीत होतं. ती सोळा वर्षांची पोर, आणि तिला सगळं माहीत होतं.

पाच वर्षांची असताना हिच्या हातात पहिली बांगडी मी भरली होती. तेव्हा रडून तिनं सोपा डोक्यावर घेतला होता. आता डोळ्यांत टिपूस नाही. नुसती बघत होती माझ्याकडे. लग्न मोडलं तर त्या सालात दुसरं स्थळ कुठून येणार होतं? कापूस पडून, बापाची पत गेलेली, त्यात पितळ घालून पोर खपवत होते असा बोभाटा. आणि तो बोभाटा फिरत फिरत माझ्याच दारात आला असता, कलत्या कानशीसकट.

मी चन्नूचा हात तिच्या मांडीवर ठेवला. मग बोलले.

“मी बांगड्या भरायला आलेय, साक्ष द्यायला नाही. सोनं-पितळ कासारणीला विचारायचं नसतं, कसाला विचारायचं. असेल तुमच्याकडे तर आणा.”

मला वाटलं, नसेल. लग्नाला कुणी कसाचा दगड घेऊन येतं का? पण ह्या बाईनं आणला होता! मागं वळून म्हणाली, “अप्पा, काढा.” तिचे थोरले दीर, वीरभद्रअप्पा, सत्तरीचा म्हातारा. एके काळी सराफाच्या पेढीवर होते म्हणे. त्यांनी कमरेच्या पिशवीतून काळा दगड काढला. काढताना त्यांचं तोंड असं झालं होतं, जसं कुणी त्यांनाच भरसभेत उघडं व्हायला सांगितलंय.

मला संताप आला. त्या बाईचा आला, आमच्या माणसाचा आला, अमेरिकेचाही आला. आणि संताप आला की माझं तोंड माझं राहत नाही.

“लावा की कस,” मी म्हणाले. “पण आमच्याकडची रीत सांगून ठेवते अप्पा. दगड एकदा बाहेर आला की दोन्हीकडच्या मनगटांवरून फिरतो. आधी सुनेच्या, मग सासूच्या. तुम्ही घालणार ते डागिनेसुद्धा.”

अशी काही रीत नाही. मी तिथंच जन्माला घातली. पण हात कुणाचाच हातात नव्हता, काय बिघडलं!

बायका माना डोलवायला लागल्या. बायकांना दुसऱ्याच्या अंगावरचं बघायला मिळत असेल तर कुठलीही रीत जुनीच वाटते. गंगव्वा म्हणाली, “बघा, बघा, आम्हाला कसली भीती!” अप्पांनी मात्र दगड मुठीत झाकला.

आता माझं ऐका. काम सुरू करताना कासारीण स्वतःच्या पाटल्या काढून ठेवते, काचेला लागू नयेत म्हणून. माझ्या गुडघ्याशी तेलपाण्याच्या वाटीत माझ्या पडल्या होत्या. घाट तोच, जाडी तीच. मी तबकातल्या पाटल्या उचलल्या, “पुसून देते, तेलकट झाल्यात,” म्हणत वाटीवर हात नेला, आणि पदराच्या टोकानं पुसून अप्पांच्या हातात ठेवल्या त्या माझ्या.

तीस बायकांत एकीला कळलं नाही. इतकी वर्षं मापाच्या बांगड्या पटापट बदलणारे हात आहेत हे. कळलं ते फक्त चन्नूला. तिचे ओठ उघडले, मी डोळे वटारले, ओठ मिटले.

मनात म्हटलं, द्वारके, गेलं तुझं सोनं. सासूनं मरताना दिलेलं. परत मागायची सोय नाही, कुणाला सांगायची सोय नाही. आणि तोरा कशाचा मिरवशील आता नळावर?

अप्पांनी पाटली दगडावर ओढली. दगड उजेडाकडे धरला. पुन्हा ओढली, या वेळी जोरानं. मग बघतच राहिले. मी मनात म्हटलं, बघतोय काय म्हातारा, सोन्याची रेघ कधी पाहिली नाही का? त्यांनी आधी गंगव्वाकडे पाहिलं. मग माझ्याकडे. अगदी सरळ, बराच वेळ. मग अंगठ्यानं दगडावरची रेघ पुसून टाकली.

“सोनं आहे,” म्हणाले. “चोख आहे. उगीच शंका घेऊ नये माणसांवर.”

“तेजाब लावून बघा की,” गंगव्वा म्हणाली.

“तेजाब आणलं नाही. आणि हा लग्नाचा मांडव आहे, पेढी नव्हे.” दगड पिशवीत गेला. “कासारणीची रीत राहू दे. एकाची परीक्षा झाली, दोघांची झाली.”

गिरिजाक्का खांबापाशीच खाली बसली. लोकांना वाटलं, पोर जाणार म्हणून रडतेय.

मी पाटल्या चन्नूच्या हातांत चढवल्या, वाटीत राहिलेल्या मळग्यांच्या कनवटीला खोचल्या. मग रीतीप्रमाणे विहीणबाईंना बांगड्या भरायच्या. गंगव्वानं हात पुढे केला. माप विचारलं तर रुबाबात म्हणाली, “पावणेतीन.” मी अडीच काढली. तीही ढिली झाली. सव्वादोन नीट बसली. तिचे गोठ जरा मागे सारले तर खाली मनगटाभोवती हिरवट कडं उमटलेलं. घामात पितळ उतरतं ना, तसलं.

मी वर पाहिलं. तिनंही पाहिलं. तीच बाई, तोच तोरा, पण डोळे कसे विनवण्या करत होते.

“चार जास्त भर,” ती हळूच म्हणाली. “हौस आहे.”

म्हणजे ही बाई सुनेचं सोनं का बघत होती ते कळलं मला. आणि म्हातारा सोनं असूनही इतका का घाबरला, तेही कळलं असं वाटलं. दगड तिच्या मनगटाकडे वळला असता ना! मी चार जास्त भरल्या. चांगल्या, रुंद.

घरी आले ती तशीच दुकानात शिरले. कनवटीच्या पाटल्या काढून त्यांच्या पेपरवर आदळल्या.

“ही तुमची देवाची भांडी!”

त्यांनी पाटली उचलली, जोड पाहिला. “मळग्यांच्या? कळलं का तिथं?”

“कळलं असतं! मी माझ्या दिल्या म्हणून नाही कळलं. माझं सोनं गेलं चन्नूच्या हातात, आणि तुमचं हे पितळ आलं माझ्या घरात. गावात किती केल्यात असल्या?”

“एकतीस जोड,” ते म्हणाले. आवाज कुठं तरी लांबून आल्यासारखा. “द्वारका… तू कसाला कुठल्या दिल्यास?”

“माझ्या. सांगतेय काय मी!”

त्यांनी पेपरची घडी केली. मग पुन्हा उलगडली. माझा माणूस माझ्या नजरेला नजर देऊन फारसा कधी बोललाच नाही, तेव्हाही पेपरकडे बघूनच बोलला. “तुझ्या दिवाळीला उजळून आणतो म्हणून नेल्या होत्या ना…”

मी त्यांच्या हातातून पेपर ओढून घेतला. असं मी आयुष्यात एकदाच केलं.

“सव्वीसनं दिल्या,” ते म्हणाले. “तुला काय वाटलं, दिवाळीपासून आपण काय खातोय? चार महिन्यांत एक हंडा खपला नाही.”

“सव्वीसनं?” मी ओरडले. “आज तीस झालंय! एवढे पेपर वाचता, चार दिवस थांबता आलं नाही?”

दुसरं काही सुचलंच नाही मला ओरडायला. डावा हात वर करून पाहिला. मनगटाभोवती हिरवट कडं होतं. दिवाळीपासूनच असणार. सगळ्या गावाची मनगटं वाचणारी मी, आणि माझ्या स्वतःच्या हाताला रोज भांड्यांच्या पितळेचा वास, म्हणून कळलंच नाही. हिरव्या काचेचा रंग उतरतोय असं समजून मी रोज राखेनं घासत होते.

तेव्हा म्हाताऱ्याची ती सरळ नजर आठवली. त्याच्या दगडावर पितळ उमटलं होतं. त्याला दिसलं होतं. आणि त्याला वाटलं असणार, ही कासारीण सगळं जाणून, गंगव्वाच्या गोठांवर बोट ठेवून आपल्याला धमकावतेय! मी मात्र त्यागाच्या तोऱ्यात बसले होते.

झालं ते झालं. पुढे लढाई लागली, भांड्याला भाव आला, कापसाला आला. आमच्या माणसानं मला नव्या पाटल्या केल्या, एकेचाळीसला, दीडपट भावानं. तेही त्यांनी पेपर वाचूनच केलं.

आणि त्याच्या दुसऱ्या वर्षी चन्नू आली. लातूरहून, दोन पोरं घेऊन, माहेरपणाला. सरळ माझ्या ओसरीवर बसली आणि हात पुढे केला, “मावशी, भरा.” हात वाळला होता. सव्वादोनही सैल. मी एकेक चढवत होते, आणि ती पिशवीतून फडकं काढून माझ्यापुढं सोडत होती. आत त्या पाटल्या. मुलामा पार उडालेला नव्हता. जपून वापरलेल्या, नाही, वापरलेल्याच नाहीत.

“तुमचं सोनं, मावशी. घ्या.”

“अगं…”

“ऐका आधी. सासूबाईंनी दोनदा मागितल्या, विकायला. अप्पांनी त्यांना गप्प केलं, म्हणाले सुनेच्या अंगावरचं काढायचं नाही. अप्पा गेले. मग मधलं एक साल असं आलं की पोरांना नुसत्या कण्या शिजवून घातल्या. मालक म्हणाले, पाटल्या तरी मोडू. मी म्हटलं, त्या माझ्या नाहीत. कासारमावशीनं माझी अब्रू राखायला आपलं सोनं माझ्या हातात घातलंय, ते मी मोडणार नाही. दहा वर्षं जिवासारख्या जपल्या. तुमचं सोनं होतं म्हणून मी उभी राहिले, मावशी. दुसरा आधारच नव्हता.”

कण्या खाल्ल्या पोरीनं. पितळेच्या दोन कड्यांसाठी. आणि एकदा जरी सराफाकडे गेली असती तर! मला तिचा इतका राग आला की वाटलं, एक थोबाडीत द्यावी. एवढी कशी वेडी असतात माणसं? तोंड उघडलं मी. सांगणारच होते.

तिचा हात माझ्या हातात होता. नाडी अंगठ्याखाली, तशीच. पण या वेळी संथ.

मी तिचा हात उचलून तिच्या मांडीवर ठेवला. नीट सोडला.

मग म्हणाले, “होतंच तसं बाई माझं सोनं. चोख.”